बांड्याचं आवतण

पुण्याच्या शेतकी कॉलेजात माझ्या वर्गात सुदानहून शिकायला आलेला एक मुलगा होता. इतका उंच, की वसतिगृहाच्या खाटेबाहेर त्याची पावलं लोंबायची. सगळे त्याला ताजमहाल बघ म्हणायचे. त्याला बैल बघायचे होते. म्हणून भाद्रपदातल्या पोळ्याला मी त्याला रेल्वेनं पिंपरीला घरी घेऊन आलो. आपला सण परदेशी माणसाला दाखवायचा म्हणून वाटेत मी भलतीच फुशारकी मारली होती.

दारात येऊन बघतो, तर ना तोरण, ना झूल. गोठ्यात आमचे दोन बैल, पांढरा आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला बांडा, वैरण चघळत उभे. वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले.

आई हळूच म्हणाली, "काल खांदं मळलं न्हाईत. आवतणबी दिलं न्हाई."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पण आमचं रान कारखान्यात गेलं होतं. जोडी शनिवारी चाकणच्या बाजारात न्यायची ठरली होती. ज्याला विकायचं त्याला कोणत्या तोंडानं जेवायला बोलवायचं, म्हणून वडिलांनी काल हळदीला हातच लावला नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि वाईट त्याहून जास्त वाटलं.

पाहुण्याला हे कसं सांगावं, याचा मी विचार करतोय तोवर तो गोठ्यात पोचलाही. बांड्यापुढे थबकला. त्याच्या वशिंडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग दोन्ही हात शिंगांसारखे डोक्यावर वळवून खालच्या आवाजात गाऊ लागला. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बांड्यानं मात्र कान टवकारले. वडील उठून आले.

"काय म्हनतोय त्यो?"

मी पाहुण्याला विचारून सांगितलं. त्यांच्याकडे मुलगा मोठा झाला की बाप त्याला एक बैल देतो. मुलगा त्या बैलाच्या रंगावर गाणं रचतो आणि जन्मभर गातो. त्याचाही बैल असाच बांडा होता.

"व्हता? मग आता कुठं हाय?"

"हा हिकडं शिकायला आला, त्याच्यामागं मेला."

"आन् तरी गातोय?"

"गाणं आपल्यापाशीच ऱ्हातं, म्हणतो."

वडील आत गेले आणि हळदीची वाटी घेऊन आले. लोणी नव्हतं, तेलावर भागवलं. भर दुपारी त्यांनी खांदे मळले. बांड्याचा एक खांदा पाहुण्याला मळायला दिला. मग बांड्याच्या कानाशी वाकले.

"आवतण घ्या," कसंबसं म्हणाले, "आन् आजच जेवा."

पुरण आईनं पहाटेच शिजवून ठेवलं होतं. वडिलांचं ती इतपतच ऐकायची. आधी बैल जेवले, मग पाहुणा, आणि पाहुण्यानंही बैलांच्या तोडीनं पोळ्या खाल्ल्या.

तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला; मी बाजारापर्यंत घरीच थांबलो. शनिवारी वडील चाकणहून मोकळे कासरे खांद्यावर टाकून एकटेच आले. अंगणात पाय धुताना काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. चाल पाहुण्याचीच होती. शब्द त्यांना कुठून यायला, ते नुसतं "बांड्या, बांड्या" म्हणत होते.