मागच्या बायकांची बोली

"माइल्ड हिअरिंग लॉस," कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे कान गेले नाहीत, पण हळू बोललेलं निसटतं. मोठं ऐकू येतं म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं वाटतं.

पाचूबंदरला मासळीचा लिलाव मी पुकारते. मागे उभ्या बायकांच्या बोल्या माझ्यापर्यंत पोचत नव्हत्या. माशांची पाटी जायची पुढे उभ्या माझ्या नणंदेला, रोझीला. "घरच्यांचीच धन करते!" बायका तोंडावर म्हणाल्या. पुकारायला दुसरी बाई बघायचं ठरवत होत्या. मला चोर ठरवलं, मला! म्हणून तर वसईत कान तपासायला गेले.

कानाचं मशीन मिळालं. मी ते सोन्यासारखं डबीत ठेवलं, चर्चात मिस्साला आणि लग्नाला घालायला. बंदरावरच्या खाऱ्या पाण्यात कोण नेणार? लिलावात बोंब तशीच. मग मॅडमवर जाऊन खेकसले, "तुमचं मशीन बोगस हाय."

"मावशी, दागिना आहे का हा?" त्याही चिडल्या. "रोज घाला, मेंदूला सवय लागू दे. रात्री सुकवून ठेवा." मग समजावलं. आतला प्रोसेसर हळू आवाज उचलतो, मोठा फारसा वाढवत नाही. इंजिनाची घरघर दाबतो, समोरचं बोलणं पुढे आणतो. बंदरासाठी त्यांनी वेगळी सेटिंग करून दिली.

सुरुवातीला बर्फ फोडल्याचा आवाज डोक्यात जायचा. खाडीत फेकावंसं वाटायचं. मशीन घातलंत तर तुम्हालाही वाटेल. फेकू नका.

एका सकाळी पापलेटची पाटी होती. रोझीने बोली लावली. मागून अन्नामावशीने बारीक आवाजात तिच्या वरची लावली. मला स्पष्ट ऐकू आली. तरी सवयीने विचारलं, "मागं कोन हाय का?"

"कोन नाय. दे लवकर," रोझी म्हणाली.

रोज हेच सांगायची, आणि मी विश्वासाने पाटी द्यायचे. अंगाचा तिळपापड झाला. मेलीला सगळं ऐकू येत होतं! माझ्या कानांवर धंदा हिने केला आणि चोर मी.

पाटी अन्नामावशीला दिली. पुकारायला दुसरी बाई बघायचा विषय तिथेच मिटला. माफी एकीनेही मागितली नाही. उपकार मानते ते मॅडमचे.

रोझीला आता मी सगळ्यांच्या मागे उभं केलंय. तिथून हळूच शिव्या घालते मला. एकूणएक ऐकू येतात.