पावानं पुसलेलं आभाळ

कर्जतच्या आमच्या घरामागे आत्याची बाग होती. चार केळी, अबोलीचे वाफे, एक सोनचाफा आणि विहीर, एवढाच कारभार. पण आत्या असं बोले की ऐकणाऱ्याला वाटावं, माथेरानच्या साहेबांचे बंगले हिच्याच रोपांवर सजलेत. वडिलांची ही थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. फुलं ती वाढवी, माळायची दुसऱ्यांनी.

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या एका चित्रशाळेनं कोळशानं काढलेली चार निसर्गचित्रं मागवली होती. ती पसंत पडली तर मी जायला वडिलांची हरकत नव्हती. म्हणजे होतीच, पण ती त्यांनी राखून ठेवली होती. मुंबईला मुलं बाटतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

कोळशाचा आमच्याकडे तोटा नव्हता. डोंगरातल्या भट्टीवरून कोळसा विकायला येणारी कातकरीण माझ्यासाठी बारीक काड्या वेगळ्या काढून ठेवी. त्या घेऊन मी दोन महिने बागेत ठाण मांडलं. आत्या येताजाता डोकावे आणि करवादे, "माझी अबोली काळी? बागेला काय वणवा लागलाय?" आमच्या गड्याचं दुःख वेगळंच होतं. तो म्हणे, "दादा, येवढ्या कोळशात दोन वक्ताच्या भाकरी भाजल्या आसत्या."

खरी अडचण पुसण्याची होती. कोळशावर रबर फिरवलं की कागद काळवंडतो. त्याला पावाचा मऊ गाभाच लागतो. आणि आमच्या घरात पाव म्हणजे धर्मबुडवी वस्तू. तो ताडीनं फुगवतात आणि विहिरीत पडला तर अख्खी आळी बाटते, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. मी स्टेशनजवळच्या बेकरीतून गुपचूप पाव आणी आणि केळीच्या पानात गुंडाळून चाफ्याच्या बेचक्यात लपवी. जागा मोठी हुशारीची होती. कावळ्यांना तेवढी पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

एका सकाळी कावळ्यानं तो पाव उचलला आणि नेमका विहिरीच्या काठावर, आत्याच्या भरलेल्या कळशीशेजारी टाकला.

"धावा! पाव हाय, पाव!" गडी ओरडला. साप निघाला तेव्हाही तो इतका ओरडला नव्हता.

वडील पूजेच्या सोवळ्यातच बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं, पाव कुणाचा ते. "खातोस?"

"नाही. चित्र पुसतो."

आयुष्यात मी दिलेल्या सबबींपैकी ही एकच खरी होती, आणि तीच सगळ्यात मूर्ख वाटली. वडील म्हणाले, "पुसून दाखव. नाहीतर मुंबईचं नाव काढायचं नाही."

समोर फळीवर एकच चित्र होतं, चारांतलं सगळ्यात चांगलं. बाकीची तीन ट्रंकेत, ट्रंक देवघरात, आणि पाव शिवलेल्याला देवघरात कोण जाऊ देतो? मी पाव उचलला, गाभ्याची गोळी केली आणि आभाळ पुसायला लागलो. आभाळ गेलं. डोंगर गेला. केळीचे शेंडे गेले. वडील लांबूनच वाकून बघत होते. "हं. आता तो खालचा कोपरा पूस."

त्या कोपऱ्यात आत्या होती. चाफ्याला पाणी घालणारी, अंगठ्याएवढी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं; त्या काळी विधवेचा फोटोसुद्धा कुणी काढत नसे.

"अरे, थांब!" आत्या किंचाळली. "मी आहे तिथे!" आणि सोवळंओवळं सगळं विसरून तिनं माझ्या हातातला पाव हिसकावून घेतला.

पाव शिवला म्हणून मला घराबाहेर काढणं सोपं होतं. थोरल्या बहिणीला कसं काढणार? वडिलांनी बराच वेळ शेंडी कुरवाळली. मग म्हणाले, "अक्का, तो पाव नव्हेच. चित्रकलेचं सामान आहे. सामानाला विटाळ नसतो." एवढ्या एका वाक्यात पाव शुद्ध झाला आणि मला मुंबईची परवानगी मिळाली.

आत्याला त्याचं काहीच नव्हतं. पाव तसाच मुठीत धरून ती चित्राशी वाकली होती. मग तिनं विचारलं, "मी एवढी वाकल्ये का रे?"

"नाही गं," मी म्हटलं, "कोळसा पसरलाय तिथे."

तो मुळीच पसरला नव्हता. त्या चित्रात तेवढीच एक गोष्ट मला नीट साधली होती.