दर तासाचं ‘आहे’

“काही झालेलं नाही, हे सांगायला मेसेज कशाला हवा, ताई?”

“काही झालेलं नाही, हे तुम्हाला कळायला नको?”

“अहो, झालं की कळतंच की! पंखा बंद पडला, मेसेज. डिस्क भरली, मेसेज. कुणी पासवर्ड चुकवला, मेसेज. त्यात तुमचं हे दर तासाला ‘आहे’. मीटिंगमध्ये ‘आहे’, जेवताना ‘आहे’. काल बायकोनं विचारलं, कोण आहे? काय सांगू तिला?”

“सांगायचं, ऑफिसातली बाई आहे.”

“ताई!”

“पन्नाशी उलटलेली आहे, हेही सांगायचं. घरात शांतता राहील.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. ते ताईपेक्षा लहान, हुशार, आणि चिडले की चष्मा पुसायला घेणारे. आत्ता त्यांनी दुसऱ्यांदा पुसला.

इस्पितळाच्या तळघरात हा संगणक विभाग. खिडकी नाही, एसी मात्र असा की ताई बारमाही स्वेटरमध्ये. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे एक दिवा. हिरवा म्हणजे यंत्र चालू, लाल म्हणजे बंद. तो पडदा राखायचं काम ताईचं. या इस्पितळात ती आली तेव्हा टेलिफोन ऑपरेटर होती. ते खातं बंद झालं तशी ती संगणक शिकली, चुकत, शिव्या खात, पण शिकली. जुनी सवय तेवढी सुटली नाही. काही बिघडलं की मेसेज पाठवून वर खड्या आवाजात ओरडणार, “तिसऱ्या मजल्याचा प्रिंटर गेला होऽऽ!” म्हणून तिचं नाव भोंगा. समोर ताई, माघारी भोंगा; जुन्या मैत्रिणी मात्र तोंडावरही भोंगाच म्हणायच्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी मात्र भोंगा वाजलाच नाही.

लॅबचे रिपोर्ट वॉर्डात जातात ते मेलनं. मेल सर्व्हरवर पत्रं रांगेत उभी राहतात आणि एकेक करून पुढे सरकतात. रांग फार लांबली की इशारा यावा, ही सोय ताईनंच केलेली. तो इशाराही मेलनंच यायचा. त्या सकाळी कुणीतरी हौसेनं एका निरोपसमारंभाचे झाडून सगळे फोटो सगळ्या स्टाफला पाठवले. रांग तुंबली. इशारा अगदी वेळेवर निघाला, आणि शहाण्यासारखा त्याच रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

पडद्यावर दिवे हिरवेच. सर्व्हर चालू होताच ना! ताई निवांत चहा घेत होती, तेवढ्यात मुलांच्या वॉर्डातली सिस्टर धापा टाकत जिना उतरून आली.

“काय गं भोंगे, घसा बसलाय का आज? सकाळपासून एक रिपोर्ट नाही. रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणून माझ्याकडच्या पोराचं ऑपरेशन थांबलंय. त्याची आई बाकावरून उठेना, पाणी पिईना.”

ताईनं लॅबमधून रिपोर्ट हातात घेतला आणि स्वतः धावत वर नेला. त्या आईनं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, नुसतं पाहिलं. पोरगा बरा झाला. घरी जायच्या आदल्या दिवशी खाटेवर उड्या मारून त्यानं सिस्टरला सळो की पळो करून सोडलं. पण ते बघणं ताईच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रांग मोकळी झाल्यावर सगळ्यात शेवटी इशाराही आला, ‘सावधान, रांग तुंबली आहे.’ अख्खा विभाग पोट धरून हसला. ताईही हसली, आणि मग बराच वेळ तोंड धूत बसली.

वरच्यांनी साहेबांना झापलं. साहेबांनी इशारे वाढवले. इतके, की फोन सारखा खणखणू लागला आणि आठवडाभरात ज्यानं त्यानं आपापल्या फोनचा आवाज बंद करून टाकला. आणि ताईच्या बदलीचा कागद निघाला. खरेदी विभाग. फक्त साहेबांची सही राहिली होती.

ताईला उपाय सुचला तो वडिलांमुळे.

अण्णा एकटे राहतात. मुलीकडे यायला तयार नाहीत, आणि फोनवर गप्पा मारणं त्यांना जमत नाही. म्हणून रोज सकाळी चहा झाला की ते ताईला रिंग देतात आणि लगेच कट करतात. ताईनं एकदा विचारलं होतं, “बोलत का नाही हो?” तर म्हणाले, “बोलायला काय आहे? मी आहे, एवढंच सांगायचं.” एका सकाळी रिंग आली नाही. ताईनं वाट पाहिली नाही, तडक शेजाऱ्यांना फोन लावला. अण्णा मोरीत घसरून पडले होते, फोन बाहेर खुंटीवरच्या सदऱ्यात. आता काठी घेऊन फिरतात. रिंग मात्र चुकवत नाहीत.

तेच ताईनं सर्व्हरला शिकवलं. दर तासाला एक कोरं पत्र रांगेत उभं करायचं. ते दुसऱ्या टोकाला वेळेत बाहेर पडलं, तरच साहेबांच्या आणि तिच्या फोनवर ‘आहे’. तेही मेलनं नाही. वेगळं छोटं यंत्र, वेगळं सिम कार्ड.

“ताई, तुमच्या अण्णांची गोष्ट मला पाठ झालीय,” साहेब म्हणाले. “पण वर काय सांगू? ज्या बाईनं रांगेचा इशारा रांगेतच पाठवला, तिनं आता नवीन शक्कल काढलीय म्हणून?”

“सांगा. चूक माझीच होती. म्हणूनच तर म्हणते. इशारा यायला तो निघून पोचावा लागतो, साहेब. वाटेतच अडकला तर तुम्ही आपले समजता, सगळं छान चाललंय. हे न येता कळतं.”

“न येता कसं कळेल? मी काय दिवसभर वाट बघत बसू?”

“नाही बसावं लागत. सवय होते.”

“मला नाही झालेली.”

“बरं. मला खरेदीत पाठवा, बसेन तिथं स्टेपलरच्या पिना निवडत. पण हे ‘आहे’ काढू नका. वर ती बाकावर बसणारी माणसं रोज असतात. बोला आता. ठेवायचं की काढायचं?”

साहेबांचा हात खिशाकडे गेला. फोन बाहेर काढून पाहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे.

ताईनं आपला फोन उलटा करून पाहिला. तिथंही या तासाचं ‘आहे’ आलं नव्हतं.

पडद्यावर दिवे हिरवेगार. वॉर्डातून कुणाचा फोन नाही. सिस्टरची पावलं अजून जिन्यावर वाजली नव्हती.

“साहेब, मी काय विचारलं?”

साहेबांनी बदलीचा कागद बाजूला सारला, त्याखालची सर्व्हर रूमची किल्ली उचलली, आणि चष्मा टेबलावरच विसरून ते धावत बाहेर पडले.