वाटेत सोडलेली ओटी

जालन्याच्या टेसनात करोडगिरीची, जकातीची चौकी होती. मनमाडकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून आलेलं बोचकं तिथं उघडायचं, मगच माणूस निजामाच्या राज्यात. या चौकीवर सोनूबाई पाणी भरायची. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेला अन् तिच्या हाती घागर आली. गाडी थांबली की बायाबापड्या आधी तिच्याकडं धावायच्या. पाणी पिता पिता कुणी अर्धी भाकर तिच्या पदरात टाकायची, कुणी सासूचं गाऱ्हाणं.

मग टेसनात नळ आला.

"सोनूबाई, कल से तुम जनाना झडती पे," दरोगा म्हणाला. "नहीं तो घर बैठो."

घरात पोटुशी सून, शरयू. ल्योक हंगामापुरता जिनिंगात. घरी बसून कसं भागावं? सोनूबाई कनातीआड उभी राहिली.

सुरुवातीलाच एका बाईची ओटी तिनं न सोडता जाऊ दिली. माहेरची ओटी सासरच्या देवापुढंच सोडायची. वाटेत सुटली तर कूस उजवत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण बाहेरच्या दारात त्या ओटीतून रेशमाच्या लडी निघाल्या. दरोगा खवळला, "अब एक भी गाँठ बंद गई, तो तुम भी गई."

मार्गशीर्षात गल्लीतली दुर्गाबाई उतरली, सुनेला माहेराहून घेऊन. सोनूबाईचं बाळंतपण हिनंच केलेलं. शरयूच्या सातव्या महिन्याच्या ओटीला पहिली सवाष्ण म्हणून हिलाच सांगून ठेवलेलं. सोनूबाईचं कपाळ पांढरं, तिला ओटी भरता यायची नाही.

"काय गं सोने, आमची बी झडती?" दुर्गाबाई हसली.

"बोचकं दावा, मावशी. अन् ओटी बी."

"याड लागलं का? पोरीची पहिली ओटी हाये."

"ठावं हाये मला. दरोगा भायेर उभा हाये."

"मंग म्हन ना, पाह्यली म्हनून!"

सोनूबाईनं गाठ सोडली. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. दुसरं काहीच नाही. पोरगी सुटल्या पदराकडं बघत राहिली.

"पाणी पाजत व्हतीस तेच बरं व्हतं," दुर्गाबाई म्हणाली, अन् सुनेला घेऊन चालू लागली.

शरयूच्या ओटीच्या आदल्या दिवशी सोनूबाई सवाष्णींना बोलवायला दारोदार हिंडली. दुर्गाबाईनं दार उघडलं नाही. एकीकडं पाव्हणे, एकीचं अंग दुखून राह्यलं. पुष्पाबाई तेवढी खरं बोलली, "वाटंतली ओटी सोडली तुम्ही, काकू. माझ्या बी पोटात हाये. मी न्हाई यायची."

दुसऱ्या दिवशी शरयू पाटावर पदर पसरून बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. उंबऱ्याशी कुणी आलं नाही.

"आत्याबाई, तुम्हीच भरा."

सोनूबाईनं ताटातून मूठभर तांदूळ घेतले. पुढं हात करायच्या आधीच बोटं तांदूळ चाचपू लागली, आत काही दडवलंय का म्हणून. ध्यानात आलं तशी तिनं मूठ ताटातच सोडली.

टेसनाकडून शिट्टी ऐकू आली. सोनूबाई उठली, चपला पायात घातल्या. शरयूचा पदर तसाच पसरलेला होता.