कान लावून घेतलेला कॉम्प्युटर

लोक कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहून घेतात. दीदी कान लावून घ्यायची. दुकानात शिरली की पहिला हुकूम, "पंखा बंद करो पहले." मग कॉम्प्युटरचा डबा चालू करायला लावून त्याच्याजवळ कान न्यायची. आतून गुरगुर ऐकू आली की दुकानदारावरच गुरगुरायची, "ये आवाज माइक में आएगी. दूसरा दिखाओ."

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत ती गाणी रेकॉर्ड करायची; सगळे तिला दीदीच म्हणत. इतकी रागीट, की गल्लीतली पोट्टी तिच्या दारापुढे हॉर्न वाजवायला भीत. मी वणीकडचा, आठवीतून शाळा सोडून इथल्या लोखंडाच्या कारखान्यात आलेला; सुटी झाली की तिच्या गाण्यांवर ढोलकी वाजवायचो. त्या खोलीत खुर्चीवर बसायलाही मला परवानगी मागावीशी वाटे. "बस न रे," ती खेकसायची. "खुर्ची काय पाहाले ठेवली?"

कारखान्यात माझ्या उजव्या हाताची नस दबत गेली, बोटं बधिर पडू लागली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण बोटं पहिल्यासारखी चालतील याची खात्री दिली नाही. कोणावर चिडावं हे न सुचून दीदी माझ्यावरच चिडली, आणि ऑपरेशनच्या आधी तिनं माझी ढोलकी रेकॉर्ड करून घेतली. एकेक थाप हलकी, जोराची, अर्धी. परत, आणखी परत. "भिऊन वाजवू नको. ढोलकीले समजते." ऑपरेशननंतर बोटं आखडली ती आखडलीच. पण कॉम्प्युटरला जोडलेल्या पेटीसारख्या कीबोर्डची पट्टी दाबली की माझा जुना हात वाजायचा.

अडचण एकच. एवढ्या सगळ्या थापा कॉम्प्युटरला एकदम आठवणीत, म्हणजे रॅममध्ये, धरून ठेवाव्या लागतात, आणि तिचा जुना डबा दुसऱ्या कडव्यातच गुदमरायचा. आमच्या जयंती समितीनं गाण्यांसाठी नवा देऊ म्हटलं. दीदीनं अध्यक्षांना बजावलं, "रॅम भरपूर, एसएसडी चांगली, अन् आवाज नाही. बाकी काही नको." अध्यक्षांनी पोट्ट्यांचा गेम खेळायचा डबा उचलून आणला. महागडं ग्राफिक कार्ड, मोठमोठे पंखे, काचेतून लाल-निळे दिवे. रॅम मात्र जुन्याएवढीच! तालमीत, सगळ्यांसमोर, माझी ढोलकी फटफट करत बंद पडली.

"तयार ठेका लावा न दीदी," अध्यक्ष हसले. "याची ढोलकी का, दुसरी का. पब्लिकले काय समजते?"

ते हसू आठवलं की आजही डोकं तडकतं. माझा हात गेला होता, आणि उरलेला आवाज हा माणूस दिव्यांच्या हौसेपायी पुसायला निघाला होता. तरी भीतीनं मी होकाराची मान हलवणारच होतो.

"मले समजते," दीदी म्हणाली. तिनं वायरी उपटल्या, डबा मांडीवर घेऊन ऑटोत बसली आणि मलाही ओढून नेलं.

"दीदी, ये तो टॉप मॉडल है," दुकानदार म्हणाला.

"मुझे गाना बजाना है भैया, इसकी आरती नहीं उतारनी."

कार्ड परत घ्यायला लावून, रॅम भरून, पंखे बदलून, शेवटी कान लावूनच ती तिथून हलली. जयंतीला माझी ढोलकी एकदाही अडखळली नाही.

मागच्या उन्हाळ्यात दीदी गेली. शोकसभेत अध्यक्ष बोलले ते "आम्ही दिलेल्या कॉम्प्युटर"बद्दलच. मला मूठ आवळता येत नाही, म्हणून दात आवळले.

खोलीची चावी दीदीनं माझ्याकडे दिली होती. थोड्याच दिवसांत अध्यक्ष तिथं डबा न्यायला आले. समितीच्या कार्यालयात पावत्या टाइप करायला हवा होता म्हणे.

"ऊठ रे. आठवी शिकलेला तू, काय करशील त्याचं? मशीन समितीची आहे."

"पंखा बंद करा आधी," मी म्हणालो.

आवाज माझा होता, राग तिचा. अध्यक्षांचा हात खरोखरच बटणाकडे गेला. खोली शांत झाली. डब्याचा आवाज नव्हताच. मी पट्टी दाबली आणि माझ्या धडधाकट हाताची थाप भिंतीवर आदळली.

"मशीन न्याची असन तर न्या," म्हटलं. "पण हे पुरं ऐकून."

डबा अजून तिथंच आहे. त्या दिवशी गाणं संपेपर्यंत अध्यक्ष उभे होते. बसा, असं मी म्हटलं नाही.