सगळी लेबलं समोर

शेजारच्या मावशींच्या नवऱ्याने औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली, ती फक्त खोट काढण्याची. पट्ट्यावरून सिरपच्या बाटल्या येत, खोक्यात बारा-बारा उभ्या राहत, आणि हे महाशय आत डोकावत. बाराच्या बारा लेबलं समोर हवीत. एखाद्या बाटलीने जरा तोंड फिरवलं की खोक्यावर लाल शिक्का: नापास. त्या औषधाने कुणाचा खोकला थांबतो की नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. कामगार त्यांना पाठीमागे नापासराव म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले, कारण पट्ट्याच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान जवळजवळ गेलाच होता आणि माणसं बरोबर त्या बाजूने बोलत.

निवृत्त झाले आणि ती तपासणी घरात आली. कपांचे कान एका दिशेला नाहीत, नापास. टॉवेलची घडी वाकडी, नापास. मावशींनी हे सगळं चालवून घेतलं असतं हो, पण या माणसाने लेकीच्या पसंतीलाही तोच शिक्का मारला. त्या मुलाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तो घरी भेटायला आला, तेव्हा यांनी त्याच्या बोटांवरचे चटक्यांचे डाग बघितले, “नापास” म्हणाले आणि आत जाऊन झोपले. सकाळी अकरा वाजता! लेकीने लग्न केलंच. त्यानंतर तीन वर्षं मायलेकी फोनवरच भेटत होत्या.

आणि मग एक दिवस नापासरावांच्या अंगात आलं. “दुकान म्हणे! पुस्तक वाचता येणारा कुणीही हे करेल. मी करून दाखवतो. त्या दोघांना बोलाव, डोळ्यांदेखत दाखवतो.” त्यांनी अॅम्प्लिफायरचा किट मागवला. गाण्याचा आवाज मोठा आणि गोड करणारं यंत्र, पण सुटं. आपलं आपण जोडायचं. मावशींना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. कारण लेक फोनवर स्पष्ट म्हणाली, “येते आई. पण बाबा ह्यांना लागेल असा एक शब्द जरी बोलले, तर ही माझी शेवटची खेप.”

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं: नवशिक्यांनी आधी संपूर्ण पुस्तिका वाचावी. नापासराव नवशिके थोडेच! ती ओळ दुसऱ्या कुणासाठी असणार. जन्मात कधी सोल्डरिंग आयर्न, कथील वितळवून टाके घालायची ती तापती सळई, हातात धरली नव्हती, पण तोरा असा की जणू हिरवा सर्किट बोर्ड यांनीच शोधून काढला. पहिल्या दिवशी टेबलावरचं कापड जळलं. दुसऱ्या दिवसापासून बोटं. ती त्यांनी चिकटपट्टीखाली लपवली आणि मावशींना सांगितलं, सुरीने कापलं. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की तीन आठवड्यांत हात बसला. टाके कसे चकचकीत, एकसारखे!

शेवटी राहिले चार मोठे कपॅसिटर. वीज साठवणारे गोल डबे, अगदी छोट्या बाटल्यांसारखे, वर लेबल. बोर्डावर अधिकचं चिन्ह छापलेलं असतं, डब्याचा अधिकचा पाय तिथे घालायचा. दोन चिन्हं डावीकडे होती, दोन उजवीकडे. तसं लावलं तर दोन डब्यांची तोंडं भिंतीकडे! नापासराव हसले. “छापणाऱ्याने माती खाल्ली आहे,” म्हणाले, आणि ते दोन डबे फिरवून बसवले. चारही लेबलं समोर. वर किट कंपनीला तक्रारीचं पत्रही लिहिलं. काय म्हणावं या शहाणपणाला!

मावशींनी कौतुकाने जावयाला फोनवर सांगितलं, “चार बाटल्या कशा शिस्तीत उभ्या आहेत जावईबापू, सगळी लेबलं समोर!”

“चारही समोर?” जावयाने विचारलं. “बरं. रविवारी येतो आई.”

रविवारी सकाळी दोघं आले. लेक खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवरच. नापासरावांनी झाकण लावलेलं यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं.

“बाबा, चालू करण्याआधी एकदा आत बघू का?” जावयाने विचारलं.

“हात लावायचा नाही,” नापासराव म्हणाले. “तपासणी मी केली आहे.”

त्यांनी बटण दाबलं. फट्! मग आणखी एकदा फट्! झाकणाच्या फटींतून धूर आला आणि खोलीभर कुजक्या माशांसारखा वास सुटला. जावयाने आधी भिंतीतला प्लग ओढला, मग खिडकी उघडली. काही वेळाने त्याने झाकण काढून आत पाहिलं. “टाके फार छान आहेत बाबा. फक्त दोन डबे उलटे बसलेत.”

“उलटे नाहीत. लेबलं समोर आहेत. छापणाऱ्याची चूक आहे. आणि दुकानदारांना प्रत्येक गोष्टीत...”

लेक उठली. पर्स खांद्याला लावली.

“बस झालं!” मावशी ओरडल्या. लेकीला वाटलं तिलाच, पण मावशींचं बोट नवऱ्याकडे होतं. “छापणाऱ्याची चूक, कंपनीची चूक, जावयाची चूक! अख्खं जग नापास केलंत. एकदा स्वतःला करा की! माझी पोर निघाली आहे, दिसतंय का तुम्हाला?”

नापासरावांनी लेकीकडे पाहिलं. तिचा हात दाराच्या कडीवर होता. मग यंत्राकडे वळले.

“कुठले दोन?” त्यांनी विचारलं.

जावयाने दाखवले. मग खिशातून कागदाची पुडी काढली: दोन नवे कपॅसिटर, एक फ्यूज. असल्या किटमध्ये दोन लेबलं मागे जातातच, हे त्याला ठाऊक होतं; मावशींचा फोन झाल्यापासून ती पुडी त्याच्या खिशात होती. “तुम्हीच लावा बाबा. मी धरतो.”

“लेबल मागे जाईल,” नापासराव पुटपुटले.

“आत कोण बघतंय?”

धरता-धरता जावयाला ती चिकटपट्टी दिसली. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. अर्ध्या तासाने दोन स्पीकरमधून गाणं लागलं. स्वच्छ, भरलेलं. मावशींनी डोळे पुसले. लेकीने पर्स खाली ठेवली.

नापासराव मान वाकडी करून ऐकत होते. “डावीकडून आवाज कमी येतोय,” शेवटी म्हणाले.

लेकीचं तोंड पुन्हा आवळलं. जावई दोन्ही स्पीकरसमोर उभा राहून आला. आवाज अगदी सारखा होता.

“पुढच्या रविवारी या,” नापासराव जावयाकडे न बघता म्हणाले. “दोघंही. ती डावी बाजू बघून घेऊ.”

सासऱ्याचा डावा कान कसा आहे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जावई त्यांच्या उजव्या बाजूला गेला आणि म्हणाला, “हो बाबा. बघायलाच हवी.”