तेल निथळेपर्यंत

“जल्दी हाय का?”

मामा असं विचारायचे तेव्हा त्यांना उत्तर नको असायचं. गाडीखालचा नट सुटलेला असायचा, काळं तेल घमेल्यात पडत असायचं, धार बारीक होत थेंबावर आलेली असायची. माझ्यासारखा कुणीतरी उतावीळ माणूस म्हणायचा, “झालं ना मामा, लावायचा का नट?” मग मामा स्टुलावर आणखी सैलावून बसायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, “जल्दी हाय का?” याचा अर्थ चहा सांगा, एवढाच होता.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेल. नांदेडात आमच्या समोरच्या घरात हे होते. मूळचे देवणीकडचे. सगळी नोकरी सरकारी वर्कशॉपात जीप आणि ट्रक उघडण्यात गेली. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. मी शाळेत इतिहास शिकवतो हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी ‘मास्तर’ करून टाकलं. रोज सकाळी फाटकातून “जयभीम, मास्तर” असा आवाज यायचा आणि पाठोपाठ गाडीची चौकशी. माझी चौकशी झालीच तर तिच्यानंतर.

गाडी म्हणजे आमची जुनी डिझेल एसयूव्ही. बायकोची नोकरी भोकरला, रोजचं जाणं-येणं, म्हणून घेतलेली. आमच्या गल्लीच्या मानानं ती भलतीच मोठी होती. ती आली त्या दिवशी मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, “हत्ती आणला की ओ मास्तर. आता बाहेर कुणाच्या हातात देऊ नका. तेल, फिल्टर मी बदलतो. घरीच.”

मी म्हटलं, “तुम्हाला कशाला त्रास?”

“माझ्या हातची गाडी आजपोत्तर माघारी आली न्हाई,” ते म्हणाले. ही त्यांची सगळ्यात मोठी बढाई. बाकी कशाचीही बढाई मारताना मी त्यांना ऐकलं नाही.

वर्षातून दोनदा रविवारी सकाळी आमच्या दारात हा सोहळा व्हायचा. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवायची, इंजिन पाच मिनिटं चालवून तेल कोमट करायचं, मग मामा पोतं अंथरून खाली सरकायचे. शेजारी जुना पेपर पसरलेला असायचा. काढलेली प्रत्येक वस्तू त्या पेपरवर ठेवायची, हा त्यांचा कायदा. नट, त्याचा तांब्याचा वायसर, फिल्टर, फिल्टरच्या तोंडाची रबरी रिंग. “काढलेलं डोळ्याम्होरं पायजे,” ते म्हणायचे. एकदा बायकोची बऱ्यापैकी साडी फडकं समजून त्यांच्या हाती पडली. तीही काळी होऊन त्याच पेपरवर ओळीत मांडलेली होती. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यांच्याशी मात्र त्याच दिवशी बोलली.

एकदा मी हौसेनं नवा फिल्टर पिळायला घेतला. दात-ओठ खाऊन आवळला. मामांनी तो परत सोडवायला लावला. म्हणाले, “मास्तर, डब्याचं झाकण हाय ते. वैऱ्याचं नरडं न्हाई.”

रिंगेबद्दल मात्र ते थट्टा करत नसत. फिल्टर काढताना कधी कधी जुनी रिंग त्याच्याबरोबर येत नाही, इंजिनाला चिकटून राहते. नव्या फिल्टरला त्याची स्वतःची रिंग असते. जुनी न काढता नवा बसवला, तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात. दारात गाडी चालू करून पाहिली तर एक थेंब गळत नाही. रस्त्यावर वेग घेतला, दाब वाढला, की रिंग सटकते आणि सगळं तेल बाहेर. म्हणून मामा जुना फिल्टर काढला की आत बोट घालून इंजिनाचं तोंड गोल फिरून चाचपायचे. “एका घरात दोन कारभारी चालत न्हाईत,” असं दर वेळी म्हणायचे.

आणि तेल निथळेपर्यंतचा तो तास. खरं सांगतो, मी गाडीसाठी नाही, त्या तासासाठी थांबायचो. मामा देवणीच्या बैलांबद्दल बोलायचे, वर्कशॉपातल्या साहेबांच्या नकला करायचे. जाताना जुनं तेल डब्यात भरून न्यायचे आणि संध्याकाळी अख्ख्या कॉलनीच्या फाटकांच्या बिजागऱ्यांना ते घालत फिरायचे.

शेवटच्या दोन वर्षांत कॉलनीतली बाकीची कामं त्यांनी हळूहळू नाकारली. आमचं तेवढं ठेवलं. मी आत-बाहेर करू लागलो तर हाक मारायचे, “तुमी हितंच बसा. म्होरं.” मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला सोबत हवी असते.

त्या रविवारी मला शाळेत पालकांच्या सभेला जायचं होतं. मामा मात्र रंगात होते. फिल्टर काढला, चाचपलं, पेपरवर ठेवला. मी समोरच बसलो होतो. फिल्टरचं तोंड बोडकं दिसत होतं. पेपरवरही रिंग नव्हती.

मला दिसलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं स्पष्ट सांगतो. मला दिसलं आणि मी बोललो नाही. हयात ज्यांची इंजिनात गेली त्यांना मी काय इतिहासाचा मास्तर शिकवणार? काढून ठेवली असेल कुठंतरी, म्हटलं. आणि सभेला उशीरही होत होता. मामांनी नवा फिल्टर बसवला, तेल ओतलं, गाडी चालू करून खाली वाकून पाहिलं. कोरडं होतं.

बायको रजेवर होती, म्हणून गाडी दारातच उभी होती; तीन दिवसांनी आम्ही नवरा-बायको एका साखरपुड्याला देगलूरला निघालो. अर्ध्या रस्त्यात स्टेअरिंगसमोर तेलाचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं. मागे डांबरावर तेलाची लांबच लांब रेघ होती. गाडी ओढून नांदेडला आणली. गॅरेजवाल्यानं फिल्टर काढला आणि दोन रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या. मी त्याला म्हटलं, हे कुणाला बोलू नका.

घरी आलो तर मामा फाटकात उभे.

“काय झालं?”

“दगड लागला, मामा. खालचं तेलाचं चेंबर फुटलं.”

“चेंबरला? खाली जाड पत्रा हाय की. मीच लावलाय.”

मी काहीतरी पुटपुटून आत गेलो. दुसऱ्या दिवशी ते ऑटो करून एकटेच गॅरेजला गेले. परत आले ते सरळ आमच्याकडे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“दोन रिंगा व्हत्या,” ते म्हणाले. “दगडाचं कामून सांगितलं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाईट तर वाटलंच.” मग अगदी सावकाश त्यांनी विचारलं, “मास्तर, तुमी म्होरं बसला व्हता. तुमाला दिसलं न्हाई?”

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “नाही, मामा. माझं लक्ष नव्हतं.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. “मंग चूक माझीच.”

त्याच आठवड्यात पान्यांची पेटी त्यांनी लातूरच्या पुतण्याला देऊन टाकली. पुढं कुणी “मामा, जरा बघता का” म्हणत गेलं, तर आतूनच उत्तर यायचं, “आता न्हाई जमत.” सकाळचा जयभीम चालू राहिला, पण गाडीची चौकशी त्यांनी पुन्हा केली नाही. गाडीचं इंजिन नवं झालं, सर्व्हिसिंग बाहेर होऊ लागलं. मी रोज ठरवायचो, आज सांगू. उन्हाळ्यात ते तापाचं निमित्त होऊन गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळी पांगल्यावर मामींनी मला थांबवून चहा दिला. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, “त्यांच्या बोटांना काय कळत नव्हतं ओ. शुगरनं. दोन वर्सं झाली व्हती. गरम गिलास धरला तरी समजायचं न्हाई. कुणाला सांगू देत नव्हते.”

“मग आमच्या गाडीचं?”

“तेवढंच करायचे. मी म्हनायची, नका करू, चुकलं म्हंजी? तर म्हनायचे, मास्तर म्होरं बसतेत. चुकलं तर सांगतेत ते.”

मी कप खाली ठेवला.

“गाडी बंद पडली तवा मी बोलले त्यांना,” मामी म्हणाल्या. “म्हन्लं, मास्तरांनी सांगायचं की मंग. तर माझ्यावरच खेकसले. म्हनले, त्यांना दिसलं असतं तर ते बोलले असते. गप बैस.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं हाय की न्हाई ओ, मास्तर?”

“हो, मामी,” मी म्हणालो.